कूपे : एका अमेरिकन मोटारीची ओळख आणि पुनर्घडण

मोटारीस 'कूपे' हे नाव ज्या फ्रेंच शब्दावरून पडले, त्याचा अर्थ 'कापलेली' असा आहे. घोड्यांच्या काळात समोरासमोर दोन आसने असलेल्या मोठ्या बग्गीचा पुढील अर्धा भाग जणू करवतीने कापून टाकावा आणि मागील आसनापुरती बंदिस्त पेटी तेवढी शिल्लक ठेवावी, तशी ती गाडी दिसे. आगगाडीच्या पहिल्या वर्गातील दोघांच्या लहान खणास कूपे म्हणतात तेही याच नात्याने. घोडे गेले, त्यांच्या जागी इंजिन आले, तरी नाव टिकले. दोन दरवाजे, पक्के छप्पर, पुढे दोघांची किंवा दाटीवाटीने तिघांची बैठक आणि मागे उतरती पाठ, एवढी लक्षणे जुळली की मोटार कूपे ठरते.

अमेरिकेत या गाडीस मोठा मान होता तो चैनीसाठी नव्हे. गावोगाव नमुने घेऊन हिंडणारा फिरता विक्रेता आणि रात्री-अपरात्री रुग्णाच्या घरी जाणारा डॉक्टर, हे तिचे खरे धनी. माणसे कमी, सामान फार आणि पाऊस-बर्फापासून निवारा हवा, ही त्यांची गरज. काही कूप्यांच्या पाठीत एक झाकण असे. ते उलट उघडले की आतून उघड्या आभाळाखालची दोघांची बैठक निघे. अमेरिकन लोक तिला निराळे नाव देत, पण इंग्रज तिला 'डिकी' म्हणत. बैठक कधीच नाहीशी झाली. शब्द मात्र मराठी घरांत मुक्कामास राहिला, आणि आजही प्रवासास निघताना पिशव्या डिकीतच ठेवल्या जातात.

या गाड्या महाराष्ट्रात आल्या त्या मुंबई बंदरातून. आरंभी त्या जोडलेल्या स्थितीत येत. पुढे १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे जोडणीचा कारखाना सुरू केला आणि खोक्यांतून आलेले सुटे भाग येथील कामगारांच्या हातांनी एकत्र येऊ लागले. फोर्डची भारतीय कंपनी १९२६ सालची. तिने १९३० साली मद्रासेस व १९३१ साली मुंबई आणि कलकत्ता येथे जोडणी सुरू केली. येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे, कारण पुढील सर्व तपासाची किल्ली तीत आहे. भारतातील फोर्ड कंपनी ही डेट्रॉइटची थेट शाखा नव्हती. ती कॅनडातील फोर्ड कंपनीची उपकंपनी होती, कारण इंग्लंडखेरीज उरलेल्या बहुतेक ब्रिटिश साम्राज्यात फोर्ड विकण्याचा हक्क १९०४ साली स्थापन झालेल्या त्या कॅनडियन कंपनीकडे होता. म्हणून ज्या गाडीस सर्वजण निःशंकपणे 'अमेरिकन' म्हणतात, तिचे जन्मस्थान पुष्कळदा कॅनडातील विंडसर आणि जोडणीचे स्थान मुंबई असे निघते. उजव्या हातास असलेले स्टिअरिंग ही त्याची पहिली खूण होय.

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या वाटेवर कन्हेरी, काटेवाडी ही गावे लागतात. नीरेच्या डाव्या कालव्याने या पट्ट्यात ऊस आणला, उसाने गूळ आणि पैसा आणला, आणि १९३० नंतरच्या दशकात पुढे इंदापूर तालुक्यात कळंबच्या शिवारात वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना उभा राहिला. त्या वसाहतीस वालचंदनगर हे नाव मिळाले. ज्या गृहस्थांनी हे नगर वसविले त्यांनीच भारतीय मोटारीचाही ध्यास घेतला होता, ही गोष्ट या पट्ट्याच्या इतिहासात उसाइतकी ठळक नसली तरी तिच्या खालोखाल खास आहे. तिच्याकडे पुढे वळावयाचे आहेच.

आता अशी कल्पना करावी की, या वाटेवरच्या एखाद्या गावी जुन्या वाड्याच्या मागील गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांआड, एक बंद पडलेली दोन दरवाजांची मोटार निघाली आहे. टायर कुजलेले, काचा फुटलेल्या, बॉनेटवर कोंबड्यांची वस्ती. घरच्या मंडळींना विचारावे तर एक म्हणतो ती १९२८ सालची, दुसरा म्हणतो आजोबांच्या लग्नात आणलेली, आणि लग्न कोणत्या साली झाले यावर तिसऱ्याचे मत वेगळेच. घरची आठवण प्रेमाची असते, पण ती तारखेस फार वेळा दगा देते. नोंदणीचे पुस्तक सापडले तर उत्तम, तथापि त्यातही नोंदणीचे वर्ष आणि घडणीचे वर्ष एकच असेल असे नाही. १९३९ च्या मोटार कायद्यानंतर मुंबई इलाख्यातील गाड्यांवर 'बी.एम.' ने आरंभ होणारी अक्षरे आली. अशी पाटी एखाद्या गाडीवर असली म्हणजे गाडी त्या वर्षानंतर घडली असे मुळीच सिद्ध होत नाही. ती फार आधी आलेली असून नंतर नव्या पद्धतीने नोंदली गेली असणे सहज शक्य आहे.

म्हणून साक्ष काढावयाची ती लोखंडाची.

प्रथम नजर टाकावी ती ठोकळ गोष्टींवर. गाडी फोर्ड असेल आणि इंजिनात चार सिलिंडर असतील, तर बहुधा ते 'मॉडेल ए' असेल. या गाडीचे पहिले इंजिन २० ऑक्टोबर १९२७ रोजी क्रमांकित झाले, आणि उत्पादन थांबेपर्यंत सुमारे ४८ लक्ष गाड्या बाहेर पडल्या. ४० अश्वशक्तीचे इंजिन, पुढच्या आणि मागच्या चाकांत साडेतीन इंच अधिक शंभर इंचांचे अंतर, चारही चाकांस दांड्यांनी चालणारे ब्रेक. १९२८-२९ च्या गाडीची चाके २१ इंचांची, तर १९३०-३१ च्या गाडीची १९ इंचांची. पहिल्या जोडीचा रेडिएटर बुटका व निकेल चढविलेला. दुसरीचा उंच व न गंजणाऱ्या पोलादाचा. म्हणजे बुटका रेडिएटर आणि १९ इंची चाके एकत्र दिसली, तर दोहोंपैकी एक वस्तू नंतर बसविलेली आहे. इंजिनात आठ सिलिंडर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे मांडलेले असतील, तर गाडी १९३२ च्या आधीची असूच शकत नाही, कारण ते ६५ अश्वशक्तीचे इंजिन फोर्डने त्याच वर्षी बाजारात आणले. फोर्डला तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक मिळाले ते १९३९ साली. शेव्हरोलेला ते १९३६ साली मिळाले, आणि क्रायस्लरने तर १९२४ सालीच ते वापरले होते. शेव्हरोलेचे इंजिन १९२९ पासून सहा सिलिंडरांचे झाले. त्याचे झडपांचे यंत्र सिलिंडरांच्या माथ्यावर असे, तर फोर्डचे बाजूस.

हे निकष उपयोगी खरे, पण प्रत्येकाचा उपयोग नकारार्थी आहे. ते काय नाही एवढे सांगतात. काय आहे हे सांगावयास क्रमांक लागतात, आणि येथून तपासाला खरा रंग चढतो.

मॉडेल ए चा क्रमांक इंजिनाच्या डाव्या अंगास एका सपाट उंचवट्यावर ठोकलेला असतो. तोच क्रमांक अमेरिकन गाड्यांत चासीच्या डाव्या तुळईच्या माथ्यावरही ठोकलेला असे. परंतु तो बॉडीच्या खाली झाकला जातो आणि बॉडी उचलल्यावाचून दिसत नाही. ज्याने ती कधी उचललीच नाही त्याला तो दिसणे शक्य नव्हते, आणि म्हणून त्यात लबाडी करण्याची बुद्धीही सहसा कोणास झाली नाही. दोन्ही क्रमांक जुळले तर इंजिन आणि सांगाडा जन्मापासून एकत्र आहेत. कॅनडात घडलेल्या इंजिनांच्या क्रमांकापूर्वी 'सी ए' ही दोन अक्षरे येतात. मुंबई इलाख्यातल्या जुन्या फोर्डवर ती आढळल्यास नवल वाटण्याचे कारण नाही. उलट ती नसली तर मात्र गाडी कोणत्या मार्गाने आली याचा विचार करावा लागतो. शेव्हरोलेच्या बाबतीत ओतीव भागांवरच जन्मतारीख असते. महिन्यासाठी इंग्रजी अक्षर, जानेवारीस 'ए', फेब्रुवारीस 'बी' अशा क्रमाने, मग दिवस आणि मग वर्षाचा शेवटचा अंक. दहा वर्षांनी तोच अंक पुन्हा येतो, हा त्यातील लहानसा सापळा. म्हणून १९२९ आणि १९३९ यांचा घोळ टाळण्यास इंजिनाचा प्रकारही पाहावा लागतो. शेव्हरोलेची बॉडी फिशर कंपनीची, आणि बॉनेटखालच्या उभ्या पत्र्यावर तिची लहान पाटी असते. तीवरील घाटाच्या क्रमांकाच्या आरंभी १९३० नंतरच्या दशकात वर्षाचे दोन अंक येतात. मात्र हा नियम अमेरिकेतील कारखान्यांचा. कॅनडात किंवा इतरत्र जोडलेल्या गाडीस तो डोळे मिटून लावू नये. प्लीमथ किंवा डॉज असल्यास इंजिनाच्या डाव्या अंगास पुढच्या बाजूस अक्षर-अंकांचा समूह पाहावा. 'पी १५' ने आरंभ होणारा क्रमांक म्हणजे १९४६ ते १९४८ या काळातील प्लीमथ.

इंजिनाचा क्रमांक सांगाड्याशी जुळला नाही तर गाडी खोटी म्हणावयाची काय? युरोपात एखादा संग्राहक तसे म्हणेल. भारतात तसा न्याय करणे अन्यायाचे होईल. युद्धकाळात पेट्रोल शिधापत्रकावर गेले, तेव्हा येथील कित्येक मोटारींच्या पाठीवर कोळशाच्या वायूच्या भट्ट्या बसल्या. अमेरिकेत तर फेब्रुवारी १९४२ पासून सामान्य नागरिकांसाठी मोटारी करणेच थांबले आणि सुटे भाग दुर्मीळ झाले. स्वातंत्र्यानंतर परदेशी चलनाची टंचाई आली. पुढे अनेक अमेरिकन गाड्यांतून तहानलेली पेट्रोल इंजिने निघाली आणि त्यांच्या जागी डिझेल इंजिने बसली. ज्या घराने गाडी मोडीत न घालता अशा तडजोडी करून चालविली, त्या घराचा इतिहासही त्या लोखंडात आहे. डिकीच्या पत्र्यातील बुजविलेली भोके म्हणजे निव्वळ दोष समजून घाईने घासून टाकू नयेत. ती कदाचित वायूच्या भट्टीच्या कंसांची असतील.

पुनर्घडणीचा मोठा वादाचा मुद्दा हाच आहे. गाडी पहिल्या दिवशी जशी होती तशी करावयाची, की आज जशी पोचली आहे तशी जपावयाची? जुन्या मोटारींच्या जागतिक संघाने, जो १९६६ साली पॅरिस येथे स्थापन झाला, या विषयावर ट्युरिन शहराच्या नावाने एक सनद सिद्ध केली. ती जुन्या वास्तूंसाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर आहे. जपणूक, डागडुजी आणि पुनर्घडण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शक्य तेथे कमीत कमी हात लावावा, असा तिचा रोख. मोटारीच्या हौशी मंडळींत तो अद्याप पुरता रुजलेला नाही. मेळाव्यातील बक्षिसे झळाळीस मिळतात आणि झळाळीपुढे इतिहास दुबळा ठरतो. आरशासारखा चकचकीत रंग, कारखान्यात कधी नव्हता इतका, ही हौस मानता येईल, पण तिला पुनर्घडण म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे.

रंगाचेच घेतले तर, १९२४ साली ओकलंड नावाच्या अमेरिकन गाडीवर पहिल्यांदा 'ड्युको' हा झटपट वाळणारा रंग आला. त्यापूर्वी मोटारीच्या रंगाचे थर वाळण्यास आठवडे जात. हे व्यापारी नाव भारतातील गॅरेजांत असे रुळले की रंग कोणताही असो, त्यास ड्युकोच म्हणतात. मॉडेल ए ची बॉडी अशा रंगाची, पण चिखलपाट्या मात्र भट्टीत भाजलेल्या काळ्या रंगाच्या. म्हणून ज्या मॉडेल ए च्या चिखलपाट्या बॉडीच्याच रंगात आहेत, ती कोणी तरी हौसेने पुन्हा रंगविलेली समजावी. मूळ रंग हवा असेल तर तो सूर्यप्रकाश आणि रंगारी दोघेही जेथे पोचले नाहीत तेथे शोधावा, दरवाजाच्या अस्तराच्या आत किंवा आसनाच्या चौकटीखाली. जुने थर बारीक सॅंडपेपरने गोल घासत गेले की झाडाच्या वलयांसारखी वर्तुळे उमटतात आणि सर्वांत आतले वर्तुळ कारखान्याचे असते.

पत्र्याच्या खाली लाकूड असते, ही गोष्ट पहिल्यांदा पाहणारास चकित करते. फिशर कंपनीच्या बॉड्या १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून होत असत. त्यात अॅश, मेपल यांसारखी उत्तर अमेरिकेतील कठीण लाकडे वापरीत. छपराचा मधला भागही मेणकापडाचा असे. अख्ख्या पोलादी छपराच्या गाड्या जनरल मोटर्सने १९३५ च्या सुमारास आणल्या. महाराष्ट्राच्या पावसाळ्यात पाणी शिरते ते याच मेणकापडाच्या कडेतून, आणि मग उंबऱ्याचे लाकूड कुजते. दरवाजा खाली झुकला, नीट लागेना, की लोक बिजागरास दोष देतात. दोष बहुधा बिजागर ज्या लाकडात रोवले आहे त्या लाकडाचा असतो. येथील सुतार अॅशच्या जागी सागवान घालतो. सागवान कुजत नाही, वाळवीस दाद देत नाही. पण त्यातील तेलामुळे सरस नीट धरत नाही आणि वाफेवर वाकविण्यात ते अॅशइतके लवचीक नाही. म्हणून छपराची कमान सलग वाकवून करण्याऐवजी तुकडे जोडून करावी लागते, व प्रत्येक सांधा खाचेने बांधावा लागतो. असे काम नोंदवून ठेवावे, लपवू नये. पुढच्या पिढीतील तपासनीसाला गाडी खोलल्यावर सागवान सापडले तर गाडी मूळचीच भारतीय लाकडाची होती असा त्याचा गैरसमज होऊ नये.

इंजिनाची गोष्ट वेगळी. त्या काळच्या फोर्ड आणि शेव्हरोले इंजिनांत आजच्यासारखे बदलता येणारे बेअरिंगचे तुकडे नव्हते. कथील मुख्य घटक असलेला 'व्हाइट मेटल' वितळवून जागच्या जागी ओतीत, आणि मग निळा रंग लावून, दांडा फिरवून, जेथे रंग घासला तेथे तेथे हातातील धारदार रांपीने खरवडीत. एका बेअरिंगला दिवस लागे. हे कसब जाणणारे मिस्त्री महाराष्ट्राच्या गॅरेजांत एके काळी सर्रास होते. आता ते थोडे उरले आहेत आणि त्यांच्या पोरांनी दुसरे धंदे धरले आहेत. विजेच्या तारांचेही असेच. या गाड्या सहा व्होल्टच्या, आणि मॉडेल ए मध्ये बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असते, आजच्या रीतीच्या नेमके उलट. हे ठाऊक नसलेल्या एखाद्या उत्साही माणसाने तारा 'सरळ' केल्यामुळे अँमिटर उलटा चालू लागतो, आणि मग दोष नसलेल्या डायनामोवर अनेक दिवस खर्ची पडतात.

आता कायद्याकडे. १५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून जुन्या वाहनांच्या नोंदणीची स्वतंत्र सोय केली. ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, नव्या नोंदणीस २०,००० रुपये, फेरनोंदणीस ५,००० रुपये, प्रमाणपत्राची मुदत १० वर्षे, आणि पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्ही ए' ही अक्षरे. अशी गाडी नित्य वापरास किंवा व्यापारास काढता येत नाही. सोय चांगली आहे. परंतु व्याख्येत एक अट आहे : वाहन मूळ स्वरूपात असावे आणि त्याची चासी, बॉडी किंवा इंजिन यांत भारी फेरफार झालेला नसावा. युद्ध आणि चलनटंचाई यांतून डिझेल इंजिनावर तगून राहिलेली गाडी या व्याख्येच्या दाराशी अडखळते. म्हणून मालक मूळ इंजिन शोधू लागतो. मूळ सापडत नाही तेव्हा त्याच सालचे दुसरे आणतो. येथवर ठीक. यापुढील पायरी मात्र निसरडी आहे : क्रमांक घासून नवा ठोकण्याचा मोह. ती नुसती बेकायदा गोष्ट नव्हे. तिने वर सांगितलेली सारी साक्ष एका हातोडीच्या घावाने नष्ट होते. ज्या इंजिनाचा क्रमांक खोटा आहे त्या इंजिनास पुढे काहीही विचारता येत नाही.

वालचंद हिराचंद यांच्याकडे वळावयाचे राहिले होते. सोलापूर येथे २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेल्या या उद्योजकाचा आग्रह असा की खोकी फोडून गाडी जोडणे म्हणजे मोटारीचा उद्योग नव्हे. सर विश्वेश्वरय्या यांनी १९३५ च्या सुमारास परदेशी कारखाने पाहून भारतीय मोटारीची योजना मांडली. मुंबईच्या प्रांतिक मंत्रिमंडळाने तिला अनुकूलता दाखविली, परंतु मध्यवर्ती सरकार हलले नाही. वालचंद स्वतः १९३९ साली अमेरिकेस गेले, आणि १९४० साली क्रायस्लर कंपनीशी करार झाला. त्या प्रवासात विमान कारखान्याचीही बोलणी निघाली आणि बंगळूरचा हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखाना त्यातून उभा राहिला, हा एक सुखद अपघात. मोटारीला मात्र युद्ध संपेपर्यंत थांबावे लागले. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली, आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लर घराण्याच्या डॉज, प्लीमथ, डिसोटो नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंद वारले. त्याच वर्षी जकात मंडळाने शिफारस केली की ज्यांचा भारतात घडणीचा कार्यक्रम नाही त्यांना नुसत्या जोडणीची मुभा असू नये. फोर्ड गेले, आणि १९५४ साली शिवडीचा कारखाना बंद झाला.

कुर्ल्याच्या गाड्यांची ओळख पटविताना एक गंमत आड येते. क्रायस्लर निर्यातीसाठी प्लीमथचीच बॉडी घेऊन तिच्या नाकावर डॉजची किंवा डिसोटोची जाळी बसवी आणि 'डॉज किंग्सवे', 'डिसोटो डिप्लोमॅट' अशी नावे देई. त्यामुळे घरात 'डॉज' म्हणून वाढलेल्या गाडीची काच, दरवाजा किंवा चिखलपाटी डॉजच्या अमेरिकन यादीत मिळत नाही. प्लीमथच्या यादीत बरोबर मिळते. गाडी खोटी नाही, यादी चुकीची आहे. ही एक गोष्ट उमगली की परदेशी विक्रेत्याला सहा महिने लिहिलेली पत्रे वाचतात.

दरवाजाच्या खांबावरील क्रमांकाची लहान पाटी शेवटी बसवितात. रंगारी तिच्यावरूनही फवारा मारून गेलेला असतो, म्हणून ती आधी काढून साबणाच्या पाण्यात ठेवावी, तारेच्या ब्रशाने घासू नये. स्क्रूची भोके जुळत नसतील तर नवी पाडण्यापूर्वी खांबाच्या पत्र्यामागे पाहावे. पुष्कळदा जुनी भोके लांबीने बुजलेली तेथेच असतात.